दोष यंत्राचा कीं जमिनीचा?

एखादी वस्तु डळमळूं लागली म्हणजे ती जुनी झाली असें म्हणण्याची आपणां सर्वांस फार संवय झालेली आहे. टेबल हललें, तें जुनें झालें. खुर्ची करकरली, ती जुनी झाली. आणि घरांतील वडील माणूस भिंतीचा आधार घेऊन चालूं लागलें कीं त्याच्याविषयींही मनांतल्या मनांत तोच निकाल दिला जातो. हा निकाल इतक्या सहज दिला जातो कीं, आपण कांहीं निकाल दिला आहे याचें भानही देणाऱ्यास उरत नाहीं. वास्तविक 'जुनें' या एका शब्दांत निदान, आरोप आणि शिक्षा या तिन्ही गोष्टी येऊन गेलेल्या असतात. बिघाड वस्तूच्याच अंगांत आहे हें निदान. तो तिच्या वयामुळें आहे हा आरोप. आणि आतां तिची जागा मोकळी करावी ही शिक्षा. हा खटला असा एका दमांत निकालांत काढणें न्यायाचें आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आणि त्याचा विचार आम्ही एका धुलाईयंत्राच्या, म्हणजे वॉशिंग मशीनच्या, उदाहरणावरून करणार आहों.

विषय क्षुल्लक आहे असें कोणास वाटेल. पण धुणें धुण्याचें काम आपल्या समाजांत हलकें कधींच नव्हतें. तें दुसऱ्याच्या अंगावर पडे म्हणून हलकें वाटे. गांवगाड्यांत तें परिटाकडे होतें, घरांत तें बायकांकडे होतें. पाण्यानें जड झालेलें नऊवारी लुगडें दोघींनीं दोन टोकांस धरून पिळावें, आणि दोघींपैकीं एकीचें मनगट दुखत असलें तरी धुणें थांबूं नये, हा एकदोन पिढ्यांपूर्वींपर्यंतचा नित्यक्रम होता. यंत्रानें हें ओझें पुष्कळ उतरविलें. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनीं १९८३ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें आहे कीं, घरगुती यंत्रांनीं अंगमेहनत वांचविली खरी, पण स्वच्छतेची अपेक्षाही त्यांच्याबरोबर वाढली, आणि गृहिणीच्या हातीं म्हणावा तितका मोकळा वेळ कांहीं उरला नाहीं. तें कांहींही असो. ज्या यंत्रानें एका दुखऱ्या मनगटाची सुटका केली, त्यास घराबाहेर काढण्यापूर्वीं थोडी चौकशी करणें कृतज्ञतेला धरून होईल, इतकें तरी कोणीही मान्य करील.

आमच्या बदलापुरच्या घरीं असें एक यंत्र आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकाच्या आरंभीं तें घेतलें, तें आमच्या मातोश्रींच्या बोटांचे सांधे सुजूं लागले म्हणून. समोरून उघडणारें, गोल कांचेच्या दाराचें आणि पिळतांना मिनिटाला ८०० फेरे घेणारें असें तें आहे. मातोश्री गेल्या, पुढें यंत्रही बंद पडलें, आणि कांहीं वर्षें तें गॅलरींत चादरीखालीं पडून होतें. घराची फरशी नवी करण्याचें निघालें तेव्हां त्याचें काय करावयाचें हा प्रश्न उभा राहिला. भंगारवाल्यानें पत्र्याच्या वजनाचा भाव सांगितला. दुकानदारानें नव्या यंत्राच्या किंमतींत थोडी सूट देऊं केली. आम्ही तें दुरुस्त करून पुन्हां कामास लावण्याचें ठरविलें.

वीजजोडणी काढून मागचा पत्रा उघडल्यावर जें दिसलें, त्यावरून जुनेपणाचा आरोप अगदींच निराधार होता असें म्हणतां येत नाहीं. मोटारीवरून मोठ्या चाकावर जाणाऱ्या रबरी पट्ट्यास आडव्या चिरा पडल्या होत्या. दाराभोंवतीचें रबर तळाशीं, म्हणजे जेथें पाणी सांचून राहतें तेथें, कुजून फाटलें होतें. मोटारीचे कार्बन झिजून नखाएवढे उरले होते. पाणी तापविणाऱ्या नळीवर क्षारांचा पांढरा थर बसला होता. ड्रम हातानें फिरविला असतां जात्यासारखी घरघर ऐकूं येई. म्हणजे बेअरिंग खराब झालें होतें, आणि त्याचें कारण असें कीं त्याच्या पुढचें सील आधीं गळूं लागून पाणी आंत शिरलें होतें. हे सर्व भाग बदलले. नळीवरचा थर लिंबूसत्त्वानें सोडविला. तळाच्या पत्र्यावरील गंज पॉलिश-कागदानें घांसून त्यावर लाल ऑक्साईडचा एक हात आणि वर रंग दिला. बेअरिंग ठोकून काढण्याचें काम घरीं होण्यासारखें नव्हतें. तें अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींतील एका लहानशा वर्कशॉपांत करून घेतलें.

सुटे भाग उल्हासनगरांत मिळाले. या शहरासंबंधीं एक जुनी थट्टा सर्वश्रुत आहे: तेथील मालावर 'मेड इन यू. एस. ए.' असें छापलेलें असतें, आणि त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा घ्यावयाचा असतो! या थट्टेंत नकलेविषयींचा जो तिरस्कार आहे, तो आम्हांस पूर्णपणें पटत नाहीं. आम्ही ज्या दुकानांत गेलों, तेथील वृद्ध दुकानदारानें दाराचें रबर हातीं देतांना आपण होऊन सांगितलें कीं, हें मूळ कारखान्याचें नव्हे, इकडेच केलेलें आहे, पण बसेल. तें बसलें. मूळ कारखान्यानें ज्या यंत्राचे भाग करणें केव्हांच सोडून दिलें, त्याला जिवंत ठेवण्याचें काम जर ही 'नक्कल' करीत असेल, तर तिच्यांत लबाडी कोणती? लबाडी नांवांत असते. खोटें नांव धारण न करणारी नक्कल ही प्रामाणिक बदली होय. मोडलेल्या दांताच्या जागीं बसविलेल्या दांतास कोणी खोटारडा म्हणत नाहीं.

इतके भाग बदलल्यावर तें पूर्वींचेंच यंत्र राहिलें काय, असा प्रश्न आमच्या एका तर्कप्रिय स्नेह्यांनीं विचारला. प्रश्न फार जुना आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथांत भिक्षु नागसेन हा यवन राजा मिलिंद यास त्याच्याच रथाविषयीं विचारतो: आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय, जूं म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळीं नाहीं म्हणतो. शेवटीं निष्पन्न होतें तें असें कीं, हे भाग एका विशिष्ट रीतीनें एकत्र आले म्हणजे त्या जुळणीस रथ हें नांव मिळतें. नागसेनास यावरून 'मी' या कल्पनेचा उलगडा करावयाचा होता. आम्हांस त्यांतून एवढेंच घ्यावयाचें आहे कीं, वस्तूचें वस्तुपण जर जुळणींत असेल, तर तिचा दोषही पुष्कळदां एखाद्या भागांत नसून जुळणींतच असणार. आणि त्या जुळणींत वस्तु ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीनही धरली पाहिजे. ही गोष्ट लवकरच अनुभवास आली.

सर्व दुरुस्ती झाली, यंत्र नव्या फरशीवर मोरीजवळ मांडलें, आणि चालू केलें. धुणें सुरळीत झालें. पिळण्याचे वेगवान फेरे सुरू होतांच मात्र तें थरथरूं लागलें, मग आदळूं लागलें, आणि शेवटीं वीतभर पुढें चालून आलें. घरांत जमलेल्या आप्तांनीं एकमुखानें निकाल दिला: "इतका खर्च केलात, पण म्हातारें तें म्हातारेंच!"

येथें थोडें गणित केलें पाहिजे. मिनिटाला ८०० फेरे म्हणजे सेकंदाला तेरांहून अधिक. ड्रमची त्रिज्या सुमारें २३ सेंटिमीटर धरली, आणि ओल्या कपड्यांचें अर्धा किलो वजन एका बाजूस जास्त झालें, तर फिरतांना तें वजन ड्रमास बाहेर ओढतें तो ओढा जवळ जवळ ८० किलो वजनाइतका होतो. आणि या ओढ्याची दिशा सेकंदाला तेरा वेळां फिरते. एखादा धष्टपुष्ट मनुष्य यंत्राला आंतून चोहों बाजूंनीं धक्के देत आहे अशी कल्पना करावी, म्हणजे यंत्र थरथरतें याचें नवल न वाटतां तें उभें राहतें याचेंच नवल वाटेल. तें उभें राहावें म्हणून त्याच्या पोटांत काँक्रीटचा एक जड ठोकळा मुद्दाम बसविलेला असतो, आणि सगळी टाकी वरून स्प्रिंगांवर टांगून खालून हादरे जिरविणाऱ्या दांड्यांवर तोललेली असते. १९३७ सालीं अमेरिकेंत बेंडिक्स कंपनीनें जें घरगुती स्वयंचलित यंत्र विकावयास काढलें, त्यांत हादरे जिरविण्याची अशी सोय नव्हती; म्हणून तें बोल्टांनीं जमिनीशीं जखडून टाकावें लागे. जें डळमळतें त्याला जखडून टाकणें हा उपाय पहिल्यानें सुचतो खरा. पण त्यांत हादरा नाहींसा होत नाहीं, तो जमिनीच्या पोटांत जातो इतकेंच. घरांतल्या एखाद्या माणसाचें तोंड दटावून बंद केलें असतां शांतता नांदल्याचा जो भास होतो, तो याच जातीचा.

यंत्र हादरतें त्याचीं कारणें तीन असूं शकतात. ओझें एका बाजूस गोळा झालें असेल. जमीन समतल नसेल. किंवा यंत्राचेंच कांहीं झिजलें असेल. चौकशी याच क्रमानें करावी, कारण पहिल्या कारणाचा शोध घ्यावयास कांहींच खर्च येत नाहीं, दुसऱ्यास एक पाना लागतो, आणि तिसऱ्यास पुन्हां सर्व यंत्र उकलावें लागतें. आपण व्यवहारांत मात्र हा क्रम नेमका उलटा करतों: प्रथम स्वभाव काढतों, मग परिस्थितीकडे वळतों, आणि डोक्यावर ओझें किती होतें हें विचारलेंच तर सर्वांच्या शेवटीं विचारतों.

आमच्या शेजारच्या इमारतींत एक वृद्ध गृहस्थ राहतात. अंबरनाथच्या एका कारखान्यांत त्यांनीं तीस-पस्तीस वर्षें फिटरचें काम केलें. नांवगांव सांगण्याचें कारण नाहीं. ते आले, त्यांनीं यंत्र रिकामें चालवून पाहिलें. तरीही तें आदळलें, अर्थात् ओझें निर्दोष ठरलें. मग त्यांनीं यंत्राच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर, आधीं एका कर्णावर व मग दुसऱ्या कर्णावर, आळीपाळीनें हात दाबला. दुसऱ्या कर्णावर यंत्र डुगडुगलें. ते म्हणाले, "सर, मशीन म्हातारें झालेलें नाहीं. लादी नवी आहे."

त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. मोरीजवळच्या फरशीला गवंडी मुद्दाम उतार देतो. मीटरमागें एक-दीड सेंटिमीटर उतार ठेवण्याची रीत आहे, म्हणजे पाणी तुंबत नाहीं. साठ सेंटिमीटर रुंदीच्या यंत्राखालीं हा फरक ६ ते ९ मिलिमीटरांचा होतो. जुनी फरशी सपाट होती व तिच्यावर पाणी सांचे. नवी फरशी उताराची आहे व तिच्यावर पाणी सांचत नाहीं. गवंड्यानें आपलें काम चोख केलें होतें. यंत्रही चोख होतें. तरी दोन चोख गोष्टी एकत्र येतांच डळमळ उत्पन्न झाली. नीतिशास्त्राच्या दृष्टीनें हा प्रसंग फार बोधप्रद आहे, कारण त्यांत दुःख आहे आणि अपराधी कोणीच नाहीं. दुःख दिसलें कीं अपराधी शोधावयाचा, आणि तो न सांपडल्यास जो सर्वांत दुबळा असेल त्यालाच अपराधी ठरवावयाचें, ही मनुष्याची खोड आहे.

पुढील काम अर्ध्या तासाचें होतें. यंत्राच्या चारी पायांस आटे असतात, आणि प्रत्येक पायावर एक कुलुपी नट असतो. तो सैल करून पाय फिरविला म्हणजे लांब किंवा आंखूड होतो. गृहस्थांनीं आपली पाणसळ आणली होती. पाणसळ म्हणजे लाकडाच्या किंवा धातूच्या पट्टींत बसविलेली कांचेची नळी. तींत द्रव असतो आणि एक बुडबुडा. हा बुडबुडा नेहमीं उंच बाजूकडे धांवतो. म्हणजे नजरेस दिसतो उंचवटा, पण भरून काढावयाचा असतो तो समोरचा खोलवटा. त्यांनीं पाणसळ यंत्राच्या माथ्यावर आधीं आडवी व मग उभी ठेवून जो पाय उताराच्या बाजूस होता तोच लांबविला, आणि तोही लागेल तेवढाच. कारण गरजेपेक्षां अधिक लांबविलेला पाय स्वतःच थरथरतो. कोणी तरी सुचविलें कीं पायाखालीं पुठ्ठ्याची घडी सारावी. ते म्हणाले कीं पुठ्ठा भिजतो, दबतो, आणि आठ दिवसांनीं पुन्हां तीच रड सुरू होते.

यांतून तीन गोष्टी आमच्या ध्यानांत आल्या, आणि त्या यंत्रापुरत्या नाहींत.

पहिली ही कीं, न डुगडुगणें आणि समतल असणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. चार पाय जमिनीला नीट टेकले म्हणजे यंत्र डुगडुगत नाहीं. पण चारी पाय टेकूनही तें एका अंगास कललेलें असूं शकतें. हातानें दाबून पाहिल्यास असें यंत्र घट्ट वाटतें. त्याचा कल फक्त पाणसळीला कळतो. कित्येक घरें व कित्येक समाज या जातीचे असतात. तेथें भांडण नाहीं, तक्रार नाहीं, कोणी हूं कीं चूं करीत नाहीं; म्हणून तेथें सर्व ठीक आहे असें पाहणारा समजतो. वास्तविक सर्व भार एकाच बाजूवर स्थिरपणें पडत असतो, आणि तो वाहणाऱ्यास त्याची इतकी संवय झालेली असते कीं तो तक्रारही करीत नाहीं. धुणें पिळतांना मनगट दुखतें असें मागच्या पिढींतील किती सुनांनीं बोलून दाखविलें असेल? शांततेवरून न्यायाचें अनुमान करूं नये.

दुसरी गोष्ट समतेविषयीं. चारी पायांची लांबी सारखी ठेवणें हें समानतेचें उत्तम उदाहरण दिसतें. पण उताराच्या जमिनीवर सारख्या लांबीचे पायच यंत्राला कलतें ठेवतात. माथा समतल राहावयाचा असेल तर पाय विषम करावे लागतात. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या पांचव्या भागांत लेस्बॉस बेटांतील गवंड्यांच्या शिशाच्या पट्टीचा उल्लेख केला आहे. ती पट्टी ताठ नसे. दगडाच्या आकाराप्रमाणें वांकून ती त्याचें माप घेई. सामान्य नियम जेथें तोकडा पडतो तेथें प्रसंग पाहून न्याय करणारी जी बुद्धि, तिला त्यानें या पट्टीची उपमा दिली. आपल्याकडे गीतेनें समत्वाला योगाची पदवी दिली. परंतु समत्व याचा अर्थ सर्वांशीं एकाच मापानें वागणें असा करण्याची जी पद्धति पडली आहे, ती त्या शब्दावर अन्याय करणारी आहे. समत्व माथ्यावर पाहावयाचें असतें. पाय ज्याच्या त्याच्या जमिनीप्रमाणें लांब किंवा आंखूड असणार.

तिसरी गोष्ट पुठ्ठ्याची. पुठ्ठ्याची घडी म्हणजे तात्पुरती दया. पाय फिरवून नट आंवळणें म्हणजे व्यवस्था. दया वाईट नव्हे, पण ती भिजते आणि दबते.

आतां ज्या वृद्ध गृहस्थांनीं आमचें यंत्र समतल केलें, त्यांच्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. त्यांची व त्यांच्या मुलाची त्यास संमति आहे. पत्नी वारल्यावर अंबरनाथच्या चाळींतील दोन खोल्या सोडून ते मुलाकडे सातव्या मजल्यावर राहावयास आले. मुलगा व सून दोघेंही सज्जन आहेत. बदलापूर ते मुंबईचें शिवाजी महाराज टर्मिनस हें अंतर सुमारें ६८ किलोमीटर. दोघेंही पहांटेच्या लोकलनें जातात, आणि परत येईपर्यंत रात्र होते. मुलगा आम्हांस म्हणाला होता, "बाबा आतां पार थकले, सर. कोठें जात नाहींत, कोणाशीं बोलत नाहींत. हात कांपतात, चहा सांडतो." हें निदान प्रेमानें केलेलें होतें, पण त्यांतही चौकशीचा क्रम उलटा झाला होता. चाळींत त्यांचें दार दिवसभर उघडें असे, आणि ज्याला बोलावयाचें तो उंबऱ्यावर येऊन बसे. येथें दार ओढलें कीं आपोआप कुलुप लागतें. एकदां ते किल्ली घरांत विसरून खालीं उतरले, आणि रात्रीं आठ वाजेपर्यंत जिन्यांत बसून राहिले. त्या दिवसापासून त्यांनीं बाहेर जाणेंच सोडलें. आणि हें कारण त्यांनीं मुलास सांगितलें नाहीं, कारण सांगितल्यास 'विसराळू झाले' असा आणखी एक शेरा पदरीं पडेल अशी त्यांना भीति होती.

मुलास हें कळल्यावर उपाय झाला तो एवढाच: दुसरी किल्ली आमच्याकडे ठेवण्यांत आली. ते आतां रोज सकाळीं उल्हास नदीच्या बाजूस फिरून येतात, आणि परिसरांतील दोघातिघांच्या घरचे नळ व पंखे त्यांच्या सल्ल्यानें दुरुस्त झाले आहेत. त्यांचे हात मात्र अजून कांपतात, चहा अजून सांडतो. हें मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊं नये. हात कांपणें ही झीज आहे. ती बेअरिंगासारखी खरी आहे, आणि ती जमिनीवर ढकलणें हा भाबडेपणा होईल. पण घराबाहेर न पडणें ही झीज नव्हती. तो फरशीचा उतार होता. दोन्ही गोष्टी एका 'थकले' या शब्दांत कोंबल्या गेल्यामुळें जी सहज सुधारण्यासारखी होती तीही सुधारावयाची राहून गेली. मुलाचा यांत अपराध आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच्या घराची घडी पहांटेच्या लोकलकडे कललेली आहे, जशी मोरीची फरशी पाण्याच्या वाटेकडे कललेली असते; तो उतार त्याच्या संसाराला लागतोच. प्रश्न इतकाच कीं, त्या उतारावर ज्याला उभें राहावयाचें आहे त्याचा पाय कोठें तोकडा पडतो, हें कोणी पाहतें कीं नाहीं.

व्यक्तींविषयीं जें खरें तेंच समाजांविषयींही खरें आहे, आणि त्याचा दाखला शोधावयास दूर जावयास नको. दुसऱ्या महायुद्धांत सैनिकांसाठीं कल्याणजवळ ज्या बराकी बांधल्या होत्या, त्यांत १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारें एक लाख निर्वासितांची सोय करण्यांत आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें तेथें नव्या नगराची कोनशिला बसली, आणि उल्हास नदीवरून त्याचें उल्हासनगर असें नांव पडलें. कराचीस किंवा शिकारपुरास ज्यांचीं घरें व पेढ्या पिढ्यान् पिढ्या स्थिर होत्या, तींच माणसें येथें बराकींत, पडद्याच्या आडोशानें संसार मांडून, मिळेल तें विकूं लागलीं. पाहणाऱ्यांनीं त्यांची धडपड पाहिली, आणि ती त्यांच्या स्वभावांत जमा केली. पायाखालची जमीन निघून गेलेल्या माणसानें डळमळूं नये तर काय करावें? पुढें ज्या समाजानें तेथें दुकानें, कारखाने, शाळा व महाविद्यालयें उभीं केलीं, तो समाज तोच होता. बदललें होतें तें पायाखालचें.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. जुनें तें सर्व राखावें असें आमचें मत आहे काय? नाहीं. जुनें यंत्र नव्यापेक्षां वीज व पाणी अधिक खात असेल, त्याच्या तारांची वेष्टनें विरलीं असून शॉक बसण्याचें भय असेल, किंवा ड्रमला धरून ठेवणारा तीन हातांचा धातूचा फराळा क्षारांनीं पोखरला असेल, तर त्याला निरोप देणेंच योग्य. आणि तो निरोपही रीतीनें द्यावा, म्हणजे यंत्र अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जाईल, वालधुनीच्या पात्रांत फेंकलें जाणार नाहीं. वस्तूला कामावरून काढून केवळ शोभेसाठीं जपणें, हाही आमच्या मतें आदराचा फारसा उंच प्रकार नाहीं. अंबरनाथचें शिवालय शके ९८२ चें, म्हणजे इ. स. १०६० चें आहे. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं असूनही तेथें आज पूजा चालते, आणि महाशिवरात्रीस मोठी जत्रा भरते. जीर्ण वस्तूला तिचें काम करूं देणें हाच तिचा खरा सन्मान, हें त्या शिवालयाकडे पाहून पटतें. आमचा आग्रह जुन्याचा नाहीं, चौकशीचा आहे. बेअरिंग खराब आहे असें म्हणावयाचें असेल तर ड्रम हातानें फिरवून घरघर ऐकलेली असावी. नुसतें यंत्राचें वय मोजून तें म्हणूं नये.

शेवटीं कुलुपी नटाविषयीं. पाय जुळवून झाल्यावर वृद्ध गृहस्थांनीं चारी नट वर यंत्राच्या बुडाशीं घट्ट आंवळले, आणि सांगून ठेवलें कीं पांचसात धुण्यांनंतर पाणसळ पुन्हां लावून पाहावी. कारण हादऱ्यांनीं पाय हळूहळू फिरतात, आणि नव्या लादीखालचा मालही थोडा बसतो. हें आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें. एकदां केलेला न्याय पुढें आपोआप टिकत नाहीं. त्याला संवयीनें, नियमानें किंवा कायद्यानें आंवळून ठेवावें लागतें, आणि आंवळल्यावरही मधून मधून तपासावें लागतें. घरांत एखाद्या वडील माणसाची सोय एकदां करून दिली म्हणजे आपलें कर्तव्य संपलें असें नव्हे. वर्षभरांत त्याची जमीन पुन्हां सरकलेली असते, मुलांच्या कामाच्या वेळा बदललेल्या असतात, एखादा स्नेही वारलेला असतो, एखादें दार नवें बसलेलें असतें.

तेव्हां आमच्या वाचकांस विनंती एवढीच कीं, कोणतीही वस्तु किंवा व्यक्ति डळमळतांना दिसली, तर 'जुनें' हा शब्द उच्चारण्यापूर्वीं तिच्यावर ओझें किती व कोणत्या बाजूस आहे हें पाहावें. मग तिच्या पायाखालची जमीन पाहावी, विशेषतः ती अलीकडे आपणच आपल्या सोयीसाठीं बदलली आहे काय हें पाहावें. आणि या दोहोंतही कांहीं न आढळल्यास मग तिच्या अंगचा दोष शोधावा. बहुतेक घरांत पाना असतो; पाणसळ शेजारच्या गवंड्याकडे किंवा एखाद्या सेवानिवृत्त फिटराकडे मिळेल, आणि ती मागावयास गेलें असतां त्याच्याशीं चार शब्द बोलणेंही होईल.